संतूचा बाप

जगद्गुरू तुकोबारायांचे चरित्र सांगताना एका ठिकाणी फार घाई होते. दुष्काळ पडला, दिवाळे निघाले, पहिली पत्नी रखमाबाई गेली, मुलगा संतू गेला आणि महाराज भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले, असे दोन वाक्यांत उरकून निरूपण थेट साक्षात्काराकडे वळते. श्रोत्यांनाही तेच हवे असते. परंतु संतू हे नाव उच्चारून लगेच पुढे जावे, एवढी ती गोष्ट लहान नाही.

तो दुष्काळ शके १५५१-५२ चा, म्हणजे इ.स. १६२९ ते १६३१ च्या सुमाराचा. दख्खन आणि गुजरात दोन्हीकडे पावसाने तोंड फिरवले. शाहजहान बादशहाचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने लिहून ठेवले आहे की, भाकरीसाठी माणसे जीव विकायला निघाली तरी घेणारा मिळेना, आणि बाजारात पिठात हाडांची भुकटी मिसळून विकली गेली. पीटर मंडी नावाचा इंग्रज त्याच सुमारास सुरतेहून आग्र्याकडे निघाला होता, त्याला वाटेवर प्रेतेच प्रेते दिसली. बादशाही दफ्तरात ही नोंद झाली. देहूच्या घरात काय झाले याची नोंद मात्र महाराजांनी स्वतःच एका अभंगात केली आहे. द्रव्य आटले, मान गेला, आणि बायको अन्नावाचून गेली. रखमाबाईंना दम्याचा विकार होता असे परंपरा सांगते. त्यांच्या मागोमाग संतू. कोणी त्याला संतोबाही म्हणतात. महाजनकीचे घर, सावकारी, दुकान. ज्यांच्या दारातून इतरांना धान्य जात असे, त्यांच्याच घरात हे घडले.

आता एक अवघड अभंग. त्यात महाराज बाप, बायको, मूल आणि आई यांचे मरण एकामागून एक सांगतात आणि प्रत्येक वेळी म्हणतात, ठीकच झाले, पाश तुटला. हा अभंग ऐकवून शोकात असलेल्या माणसाला गप्प करण्याची एक रीत पडली आहे. सात वर्षांचा मुलगा गेलेल्या एका घरी दहाव्याच्या प्रवचनाला मी बसलो होतो. प्रवचनकारांनी हाच अभंग घेतला आणि समोर बसलेल्या आईला म्हणाले, ‘‘तुकोबा रडले नाहीत, तुम्हीही रडू नका.’’ ती माउली तोंडावर पदर घेऊन उठली आणि आत गेली. पुढचे प्रवचन तिने ऐकले नाही. मीही ऐकले असे म्हणवत नाही.

वाचकहो, तो अभंग कोणाला उद्देशून आहे ते आधी पाहावे. तो विठोबाशी बोललेला आहे. आता तुझ्या-माझ्यामध्ये दुसरा कोणी उरला नाही, असे देवाच्या तोंडावर सांगणारा तो माणूस आहे. शेजारच्या बाईला धीर देण्यासाठी तो रचलेला नाही. शिवाय ज्याने एकेक माणूस वेगळे मोजून सांगितले, तो विसरला होता असे मला तरी वाटत नाही.

आणि वारकरी परंपरेत रडायला बंदी केव्हा होती? शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत माउली समाधीस बसले, त्या प्रसंगाचे नामदेवरायांचे अभंग काढून पाहा. निवृत्तिनाथ माउलींचे गुरू, आणि आईबापांच्या मागे भावंडांना सांभाळणारे वडील भाऊ. ब्रह्मज्ञान ज्यांनी दिले, तेच तिथे आवरत नाहीत. नामदेवरायांनी ते झाकून ठेवले नाही.

तुकोबारायांच्या गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. त्यांत संतूसाठी केलेला विलाप शोधला तर हाती काही लागत नाही. पण मूल शोधा, पानापानावर सापडते. बोबडे बोलणारे, त्या बोलण्यावर आईला खूश करणारे. गर्दीत आई चुकली म्हणून भेदरून इकडेतिकडे पाहणारे. त्याला शिकवायचे म्हणून पंतोजी स्वतः पाटी हातात घेतो. आणि एका अभंगात तर बाप आहे: आपले पोट मारून लेकरासाठी साठवणारा, त्याला कडेवर खांद्यावर वागवणारा, अंगावर दागिने घालून डोळे भरून पाहणारा. दुष्काळात लेकरू गमावलेल्या माणसाने हे लिहिले आहे, हे ध्यानात ठेवून तो अभंग पुन्हा वाचावा. जिजाईंना पुढे महादेव, विठोबा, नारायण आणि काशी, भागीरथी, गंगा अशी मुले झाली. हे बालपण त्यांचेही असेल. कोणते चित्र कोणाचे, ते वेगळे काढता येत नाही. बापाच्या मनातही ते वेगळे राहत नसावे.

माझा थोरला मुलगा आठव्या वर्षी तापाने गेला. त्याचे बारसे मला नीट आठवत नाही. आठवतो तो एक साधा दिवस, ज्या दिवशी काहीच घडले नाही. संध्याकाळी गावात कीर्तन होते. दुपारी पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावायला मी बसलो, आणि कणीक भिजवण्याचे काम त्याने मागून घेतले. पाणी जास्त झाले, मग पीठ, मग पुन्हा पाणी. उरलेल्या गोळ्याची त्याने चिमणी केली आणि पखवाजावरच बसवली. मी थाप मारली तशी ती उडून पडली. तो एवढा हसला की घरातून त्याची आई काय झाले म्हणून पाहायला आली. एवढेच. पन्नास वर्षे होत आली. पखवाजाला कणीक लावताना आजही हात थोडा थांबतो.

संतूच्या बापालाही असा एखादा दिवस असणारच. पाऊस अजून वेळेवर येत होता, दुकान उघडे होते, आणि पोर तराजूच्या रिकाम्या पारड्यात बसायला पाहत होते. हे पोथीत नाही, माझ्या मनातले आहे. महिपतिबोवांनी ‘भक्तलीलामृता’त महाराजांचे चरित्र शके १६९६ मध्ये, म्हणजे सव्वाशे वर्षांनी लिहिले, असल्या दुपारी तोवर कोण लक्षात ठेवणार?

धाकटे नारायण महाराज आईच्या पोटात होते, तेव्हाच तुकोबाराय वैकुंठाला गेले. बापाबरोबरचा एकही दिवस त्यांच्या वाट्याला आला नाही. इ.स. १६८५ मध्ये त्यांनी वडिलांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीला जाऊन माउलींच्या पादुका बरोबर घेतल्या आणि बापाला घेऊन ते पंढरपूरपर्यंत चालत गेले.