घोडचं पाणी, उजनीची बोट

मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ही बोट आहे हे सांगावं लागत होतं. इंदापूर तालुक्यात, उजनीच्या काठावर बाभळीखाली अठरा फुटी पत्र्याचा एक हौद तिरका पडला होता. बुडाला वेल्डिंगची चार ठिगळं. आत शेतीपंपाचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन, त्याला जोडलेला लांब दांडा, दांड्याच्या टोकाला पंखा. आराखडा कागदावर कधी नव्हताच. मालकांनी गावातल्या वेल्डरला हातवारे करून सांगितलं आणि त्यानं पत्रा वाकवला. "इंजिन वाजतंय तंवर भ्यायचं नाही," मामा म्हणाले. "गप झालं की भ्यायचं."

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. दुसऱ्याचा जुना कोड हाती आला की यानं हे असं का केलं असेल, हा प्रश्न आधी पडतो. या बोटीबाबतही तेच झालं. शेतीपंपाचं इंजिन का? तर ते घरात होतं म्हणून. थायलंडमध्येही लांब शेपटीच्या बोटी अशाच पंपाच्या इंजिनातून जन्मल्या. शिवाय गावोगावी डिझेल इंजिन खोलणारा मिस्त्री सापडतो. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत विहिरीवरचं इंजिन ही शेतकऱ्याच्या घरातली नेहमीची वस्तू झाली. पाणी उपसायचं यंत्र पाण्यावर चालवायला ठेवायचं, एवढंच बाकी होतं.

बोट मला न्यायची होती डिंभ्याला. ट्रकवर चढवताना लक्षात आलं की आपण तिला उलट्या दिशेनं घेऊन चाललोय. घोड नदी आहुप्याच्या बाजूला डोंगरात उगम पावते, डिंभ्याला अडते, पुढे भीमेला मिळते आणि भीमा उजनीत शिरते. पाणी ज्या वाटेनं खाली जातं त्याच वाटेनं, फक्त डांबरी रस्त्यावरून, बोट वर निघाली होती.

जुन्नर-आंबेगावात बोटीला इतिहास नाही. हे विधान जरा धाडसाचं वाटेल, कारण नाणेघाट इथलाच. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच घाटानं जुन्नरला चढत होता, आणि जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्या यवनांचे शिलालेख आहेत. म्हणजे समुद्र ओलांडणारी माणसं इथवर पोचली होती. पण त्यांची गलबतं खाली कोकणात राहिली. वर यायचं ते जनावरांच्या आणि माणसांच्या पाठीवर. कुकडी, मीना, घोड या पावसाळ्यात अंगावर येणाऱ्या आणि उन्हाळ्यात खडक दाखवणाऱ्या नद्या. त्यांत होडी घालून जायचं कुठे?

पुढे कुकडी प्रकल्प आला. येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातलं डिंभे. डिंभ्याचा जलाशय म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागर. विदेशी कापडाच्या ट्रकपुढे १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत जीव दिलेले बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. धरण २००० सालच्या सुमारास पूर्ण झालं. सुमारे साडेतेरा टीएमसी पाणी साठतं. त्यातलं बरंचसं डाव्या कालव्यानं येडगावला आणि तिथून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जातं. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते मूळ आंबेगाव गावच पाण्याखाली गेलं. तालुका आहे, गाव नाही.

आजीचं माहेरही त्याच पाण्यात आहे. ती ते कधी 'बुडालं' म्हणत नाही, 'धरणात गेलं' म्हणते, जसं एखादं माणूस नोकरीला जावं.

या खोऱ्यातले महादेव कोळी. कोळी म्हटलं की मुंबईकराला होडी आणि पापलेट आठवतं. हे कोळी मात्र डोंगरातले, भात-नाचणी-वरईचे, हिरड्याचे. भाताची खाचरं गेली आणि दारात समुद्राएवढं पाणी आलं, तेव्हा त्यांना नावाप्रमाणे वागायला शिकावं लागलं. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेनं इथल्या विस्थापितांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. डोंगरउतारावर पडकई करून भाताचे नवे तुकडे काढणं आणि जलाशयातल्या मासेमारीसाठी धरणग्रस्तांची सहकारी संस्था उभी करणं, दोन्ही त्यात आलं. २०१२ साली 'शाश्वत'ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. माझ्या दृष्टीनं पारितोषिकापेक्षा मोठी गोष्ट ही की ज्यांच्या आजोबांनी वल्हं पाहिलं नव्हतं, त्यांनी चाळिशीत जाळं विणायला घेतलं.

उजनीची कथा आधीची आणि आकारानं कितीतरी मोठी. १९६६ साली पायाभरणी, १९८० मध्ये धरण पूर्ण. इंदापूर आणि करमाळा तालुक्यांतली समोरासमोरची गावं, मधे पाणी, रस्त्यानं मोठा वळसा. मग घरच्या घरी केलेल्या बोटी माणसं आणि मोटारसायकली घेऊन ये-जा करू लागल्या. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. मामांच्या घरच्यांनी त्यानंतर ही बोट विकायला लावली. किंमत ठरवताना त्यांनी घासाघीस केली नाही. मीही केली नाही.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात मी इंजिनापासून केली नाही, बुडण्यापासून केली. तीन मिलिमीटरचा पत्रा, सोळा चौरस मीटर, म्हणजे जवळपास चारशे किलो लोखंड. पाण्याखाली ते फक्त पन्नास किलोंचा आधार स्वतः देतं. राहिलेले साडेतीनशे, इंजिनाचे चाळीस आणि कडेला लटकणाऱ्या माणसांसाठी थोडं, असं धरून पाचशे लिटर हवा बोटीत कायमची कोंडलेली हवी. मूळ बोटीत ती शून्य होती. एकदा पाणी भरलं की बोट सरळ तळाला. बाकांखाली बंद पेट्या करून त्यांत फोम भरला. पंपाचं इंजिन काढलं, कारण त्याचं चाक उंचावर फिरत होतं आणि वजन जितकं वर तितकी बोट लवकर कलंडते. त्याजागी जुनंच, नऊ पूर्णांक नऊ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड मागच्या फळीवर आलं. फळी आधी दुहेरी करावी लागली. मामांची ठिगळं मात्र तशीच ठेवली. ती माझ्या वेल्डिंगपेक्षा चांगली आहेत.

पाण्यात घालणं बाकी आहे. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ साली अंतर्देशीय जहाजांचा नवा कायदा आला. यंत्रावर चालणाऱ्या बोटीची तपासणी हवी, नोंदणी हवी, जलाशयात उतरायला वेगळी परवानगी हवी. नोंदणीच्या अर्जात 'बांधणाऱ्याचे नाव' असा रकाना होता. मी वेल्डरला फोन केला. तो हसला, म्हणाला, "माझं नाव कशाला, बुडाली तर?" माझा अर्ज चार महिने एका टेबलावर आहे. आधी चिडचिड व्हायची. कळाशीचं आठवलं की आवाज खाली येतो.

आजीला विचारलं होतं, पाणी उतरलं की तुझ्या माहेरावरून फिरवून आणू का? तिनं आधी विचारलं, अंगात घालायची जाकिटं किती आहेत? सहा, म्हटलं. मग म्हणाली, तिथं वर थांबून काय बघायचं, खाली तर दिसत नाही.

बुडाला रंग द्यायला आठ जणांनी मिळून बोट अंगणात उलटी केली होती. ती अजून तशीच आहे. बाळहिरड्याचे दिवस आहेत. पत्रा लवकर तापतो म्हणून आजीनं त्यावर जुनं लुगडं अंथरून हिरडा वाळत घातलाय.