आंग्रे–शाहू समेट, १७१४

मराठ्यांच्या यादवीत छत्रपती शाहू व करवीर पक्षाचा आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे यांच्यात झालेला तह. मोगलांच्या कैदेतून १७०७ मध्ये सुटलेल्या शाहूचा गादीवरील हक्क ताराबाईने नाकारल्याने ही यादवी उद्‌भवली. १७१३ मध्ये कान्होजीने शाहूचा पेशवा बहिरोपंत पिंगळे यास कैद केले, लोहगड व राजमाची घेतले. तो साताऱ्यावर चालून येणार, अशी वार्ताही पसरली. वरवर पाहता समेटाचा संभव उरला नव्हता. परंतु सैन्याच्या हालचालींवरून असा अंदाज बांधणे फसवे ठरते. जंजिऱ्याचा सिद्दी, मुंबईकर इंग्रज व पोर्तुगीज शेजारी असता घाटावरील युद्ध लांबविणे कान्होजीस परवडणारे नव्हते. शाहूजवळ आरमार नव्हते. नवा पेशवा बाळाजी विश्वनाथ मूळचा श्रीवर्धनचा असल्याने किनाऱ्याचे राजकारण जाणून होता. समेटाचे श्रेय त्याच्या वाक्‌चातुर्यास देण्याची प्रथा आहे. तथापि उभयतांची गरज त्याने ओळखली, हे अधिक महत्त्वाचे.

तहान्वये कान्होजीने करवीर पक्ष सोडला, पिंगळ्यांस मुक्त केले व राजमाचीखेरीज जिंकलेली स्थळे परत केली. त्यास आरमाराचे आधिपत्य, सरखेल हा किताब, दहा किल्ले व सोळा दुय्यम ठाणी मिळाली. कोलाड–रोहे परिसरातील अवचितगड किल्ल्यांत, तर पेणनजीकचा मिरगड ठाण्यांत होता. काही स्थळे सिद्दीच्या ताब्यात असल्याने त्याच्याशी मात्र लगेच लढावे लागले. करवीरशी असलेला कलह १७३१ च्या वारणेच्या तहापर्यंत मिटला नाही.