घड्याळातली लोखंडी डबी आणि अलिबागची वेधशाळा

माझे चावीचे घड्याळ एकाएकी दिवसाला दहा-दहा मिनिटे पुढे जाऊ लागले. अंधेरी स्टेशनाजवळच्या घड्याळजीने ते उघडलेही नाही. शेजारी एक छोटे होकायंत्र ठेवले, तर त्याची सुई घड्याळाच्या ठोक्यांबरोबर थरथरू लागली! "साहेब, चुंबक लागलंय." प्रयोगशाळेतल्या चुंबकाचा हा प्रताप होता. प्रत्यावर्ती वीजप्रवाहाच्या वेटोळ्यात धरून त्याने घड्याळ सावकाश दूर नेले आणि ते बरे झाले.

असे का होते? घड्याळाच्या बॅलन्स चाकाला केसासारखी बारीक कमान असते. ती चुंबकित झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. कमान जणू आखूड होते आणि चाक भराभर हेलकावे घेते.

विजेची यंत्रे वाढली तशी ही अडचणही वाढली. १९३० मध्ये तिसो कंपनीने चुंबकरोधी मनगटी घड्याळ काढले. १९५६ मध्ये रोलेक्सचे 'मिलगॉस' आले. फ्रेंचमध्ये 'मिल' म्हणजे हजार. हे घड्याळ १००० गॉसचे क्षेत्र सोसते. मुंबईत पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गॉसहूनही कमी आहे! शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांसाठी केलेले हे घड्याळ आज संग्राहक भारी किंमत मोजून घेतात.

त्यातली युक्ती मात्र साधी आहे. यंत्राभोवती मृदू लोखंडासारख्या धातूची डबी असते. छपराचे पाणी पन्हळीतून वाहून जावे, तशा चुंबकीय बलरेषा डबीच्या भिंतीतून वळून जातात. वर्गात हे सहज दाखवता येते. दोऱ्याने टेबलाला बांधलेली टाचणी चुंबकाखाली थोडे अंतर ठेवून अधांतरी धरा. मधून कागद सरकवला तरी ती तरंगत राहील. लोखंडी पत्रा सरकवला की पडेल.

आता मुंबईचीच एक गोष्ट. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा संचालक नानाभॉय मूस यांच्यापुढे पेच पडला. ट्रामचा परतीचा प्रवाह काही अंशी जमिनीत झिरपतो आणि नोंदी बिघडवतो. मग वेधशाळेलाही लोखंडी कवच का घातले नाही? कारण जे मोजायचे, तेच क्षेत्र कवचाने अडवले असते! म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली, तीही लोखंड टाळून. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळवला गेला. १९०७ मध्ये ट्राम धावल्या. १९२८ मध्ये अंधेरीवरून बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्याही आल्या. अलिबागच्या नोंदी मात्र चालूच राहिल्या.

घड्याळाला चुंबकत्व नको होते, म्हणून त्याला भिंत पुरली. वेधशाळेला तेच हवे होते, म्हणून तिला घर सोडावे लागले. आपल्याला नेमके काय मोजायचे आहे, हे ठरल्यावाचून उपाय ठरत नाही.