गरिबाच्या घरचा हिशेब

पेण-रोह्याकडचा एखादा भातशेतीवाला डोळ्यांसमोर आणा. पीक वर्षातून एकदा हाती येणार, पोट मात्र रोज लागणार! मग बी-बियाणे, आजारपण, लग्नकार्य निघाले की माणूस जातो कुठे? सावकाराच्या ओटीवर. हे सर्वांना ठाऊक होते. पण घरोघर विचारून साऱ्या देशाचा हिशेब मांडला गेला तो स्वातंत्र्यानंतर. त्या वेळी अर्थमंत्री होते आपल्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख.

त्यांचा जन्म १८९६ सालचा, महाडजवळच्या नाते गावचा. बालपण गेले रोह्यात. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली. युद्धाने मोडलेले देश उभारण्याइतकेच गरीब देशांचे दारिद्र्य हटवणेही निकडीचे आहे, असा आग्रह आपल्या शिष्टमंडळाने तेथे धरला. त्या शिष्टमंडळात देशमुख होते.

अर्थमंत्री झाल्यावर, १९५० साली, प्राध्यापक महालनोबिस यांच्या मार्गदर्शनाखाली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. घरात धान्य किती लागले, तेलामिठाला किती गेले, हे तपासनीस गावोगाव विचारू लागले. पाठोपाठ रिझर्व्ह बँकेने ग्रामीण कर्जाची पाहणी हाती घेतली. ७५ जिल्हे, ६०० गावे आणि सुमारे सव्वा लाख कुटुंबे! १९५४ साली अहवाल आला. काय निघाले? शेतकऱ्याने काढलेल्या १०० रुपये कर्जात सहकारी संस्थांचे जेमतेम ३ रुपये, सरकारचेही तेवढेच. सावकारांचे मात्र ७०च्या घरात!

हा आकडा फायलीत पडून राहिला नाही. अहवालातील शिफारशीनुसार १९५५ साली इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि तालुक्यांच्या गावी शाखा उघडण्याचे काम तिच्यावर सोपवले गेले.

एवढ्याने गरिबी हटली का? नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी त्याच नमुना पाहणीचे आकडे घेऊन १९७१ साली दाखवून दिले, की १९६०-६१ साली खेड्यांतील सुमारे ४० टक्के लोकांना पुरेसे अन्नही परवडत नव्हते.

आकड्याने पोट भरत नाही, हे खरेच. पण भूक कुणाच्या घरी आहे आणि कर्ज कुणाच्या डोक्यावर, हे आधी दारी जाऊन विचारावे लागते. न विचारता केलेली मदत, मित्रहो, बहुधा शेजारच्या माडीवरच पोचते.