चोपाऊचे इंजिन आणि घरचा पाना

१९६८ सालची यामाहा डीटी-१ अमेरिकेतल्या एखाद्या शेतावरच्या कोठारात तीस-चाळीस वर्षे धूळ खात पडलेली असते. टायर बसलेले, टाकीत गंज, एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचे बिऱ्हाड. मेकॅनिकचे कुठलेही शिक्षण न घेतलेला माणूस ती घरी आणतो, सुट्टीच्या दिवशी थोडी थोडी उघडतो आणि काही आठवड्यांनी ती किकवर सुरू होते. त्या काळच्या डर्ट बाइकबाबत हे इतक्या ठिकाणी आणि इतक्या वेळा घडले आहे की त्याला योगायोग म्हणता येत नाही. कारण विचारले तर बहुतेक जण सांगतात की जुन्या वस्तू दणकटच असत. मला हे उत्तर पटत नाही. मातीवर शर्यत धावणारी गाडी दणकट नव्हती. तिच्या रिंगा हंगामागणिक बदलाव्या लागत, साखळी ताणली जाई, चाकाचे आरे सैल पडत. तरीही ती इतक्या वर्षांनी उठते, याची कारणे धातूत शोधण्यापेक्षा इतिहासात शोधायला हवीत. तिचे इंजिन ज्या परिस्थितीत घडले, तिथे ते मालकानेच उघडायचे होते. आणि ती ज्या दिवशी कोपऱ्यात गेली, त्या दिवशी बहुधा तिला काही झालेले नव्हते.

सुरुवात जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातल्या चोपाऊ या लहानशा गावापासून करावी लागते. योर्गन स्काफ्टे रासमुसेन या डॅनिश उद्योजकाने तिथे उभा केलेला डीकेडब्ल्यू हा कारखाना १९२० च्या दशकाच्या अखेरीस जगातला सर्वांत मोठा मोटरसायकल उत्पादक होता. त्याची भिस्त टू-स्ट्रोकवर होती. फोर-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह, त्यांच्या स्प्रिंगा, कॅम आणि त्यांना फिरवणारी साखळी किंवा गिअर लागतात. साध्या टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक एवढेच हलते. वायू आत-बाहेर जाण्याची दारे सिलिंडरच्या भिंतीतच कोरलेली असतात आणि ती उघडण्या-झाकण्याचे काम पिस्टनच करतो. पूर्वी ताजे मिश्रण वर वळवण्यासाठी पिस्टनच्या माथ्यावर उंचवटा ठेवावा लागे, आणि तो तापून त्रास देई. आडॉल्फ श्नुर्ले या अभियंत्याने मिश्रण दोन बाजूंनी तिरपे आत सोडून सिलिंडरमध्ये घुमवण्याची रचना शोधली, आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस डीकेडब्ल्यूने ती मोटरसायकलीत आणली. पिस्टनचा माथा सपाट झाला, वजन उतरले, इंजिन थंड चालू लागले. या सगळ्याचे सार १९३९ मध्ये आलेल्या आरटी १२५ या हलक्या गाडीत उतरले.

मग महायुद्ध झाले, जर्मनी हरली आणि आरटी १२५ चा आराखडा जेत्यांच्या हाती पडला. त्यावरून सोव्हिएत संघात मॉस्क्वा, इंग्लंडमध्ये १९४८ पासून बीएसए बँटम आणि अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनची १२५ सीसीची गाडी बनली. १९५५ मध्ये यामाहाने आयुष्यातली पहिली मोटरसायकल वायए-१ काढली, तीही याच नमुन्यावर. पोलंडच्या हलक्या गाड्यांतही याच धर्तीचे इंजिन बसले. विजेत्या आणि पराभूत अशा इतक्या देशांनी एकच यंत्र उचलावे, याला कारण होते. पोलाद कमी, पेट्रोल रेशनवर, लोकांच्या हाती पैसा नाही आणि गावोगाव वर्कशॉपही नाहीत, अशा जगात चालेल अशी गाडी हवी होती. इंग्लंडमध्ये बँटमवरून तारा पोहोचवणारी पोरे फिरली, कामगार कारखान्यात गेले, आणि रविवारी त्यांच्यापैकी अनेकांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर हेड उतरवून काजळी खरवडली. सायलेन्सर आणि एक्झॉस्टच्या दारातली ही काजळी काढणे टू-स्ट्रोकच्या मालकाचे नेमाचे काम होते आणि कंपनीच्या पुस्तिकेतच ते शिकवलेले असे. इंजिन उघडणे हा तिथे अपघातानंतरचा प्रसंग नव्हता. सायकलचे पंक्चर काढण्याइतकी ती रोजची बाब होती.

मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीवरच्या शर्यतींच्या मैदानात हे गरिबाचे इंजिन आले तेव्हा ते दुय्यमच मानले जात होते. ५०० सीसी वर्गात १९६४ आणि १९६५ या दोन्ही वर्षी जेफ स्मिथने बीएसएच्या फोर-स्ट्रोकवर जागतिक अजिंक्यपद मिळवले. पण १९६६ मध्ये पूर्व जर्मनीच्या पाउल फ्रीडरिक्सने चेकोस्लोव्हाकियातल्या सीझेडच्या टू-स्ट्रोकवर तेच पद जिंकले, आणि पुढची दोन वर्षे ते राखले. लहान वर्गात स्वीडनचा टॉर्स्टेन हॉलमन हुस्क्वार्नावर आणि बेल्जियमचा जोएल रोबेर सीझेडवर आधीच पुढे गेले होते. मधल्या काळात चोपाऊतच, आता एमझेड झालेल्या कारखान्यात, वाल्टर काडेन यांनी सायलेन्सरच्या नळीचा आकार बदलून १२५ सीसीतून २५ अश्वशक्ती काढून दाखवली. १९६१ मध्ये त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला, तेव्हा ती विद्या त्याच्याबरोबर सुझुकीकडे गेली. यामाहाची २४६ सीसीची डीटी-१ ही या साऱ्या घराण्याची सर्वाधिक लाडकी नात. ती विकताना कंपनीने एक गोष्ट केली, जी मला या विषयातला सर्वांत बोलका पुरावा वाटते. रस्त्यावर चालणाऱ्या डीटी-१ ला शर्यतीची गाडी करण्यासाठी वेगळा सिलिंडर, पिस्टन, कार्बुरेटर आणि सायलेन्सर असलेला संच तिने ग्राहकांना विकायला ठेवला. गिऱ्हाईक घरी जाऊन इंजिन उघडेल आणि बदलेल, हे कारखान्याने गृहीतच धरले होते. असा संच काढणाऱ्या कंपनीला आपले बोल्ट कुणाच्या हाती लागावेत असे वाटत होते, याबद्दल शंका उरत नाही.

दुसरे कारण माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे, पण ते फारसे कुणी सांगत नाही. या गाड्या कोपऱ्यात गेल्या त्या शॉक अब्सॉर्बरमुळे. १९७० च्या दशकाच्या आरंभी मोटोक्रॉसच्या गाडीचे मागचे चाक जेमतेम दहा सेंटिमीटर खाली-वर होई. बेल्जियमचे प्राध्यापक ल्युसियन टिल्किन्स यांनी एकाच लांब शॉकची रचना मांडली, ती यामाहाने घेतली, आणि १९७३ मध्ये हाकान अँडरसनने त्या गाडीवर २५० सीसीचे जागतिक अजिंक्यपद पटकावले. १९७५ मध्ये ही रचना विक्रीच्या गाड्यांत आली. दशक संपेपर्यंत चाकाची हालचाल तीस सेंटिमीटरच्या घरात पोहोचली. दोन वर्षांपूर्वी घेतलेली गाडी उड्यांच्या ट्रॅकवर एकाएकी निरुपयोगी ठरली. तिला पुढच्या खरेदीत बदली म्हणून कुणी घेईना, आणि चालू गाडी भंगारात घालणे जिवावर येई. मग ती कोठाराच्या भिंतीला टेकवून ठेवली गेली, आणि टाकीतले पेट्रोलही अनेकदा कुणी काढले नाही. आज सापडणाऱ्या गाड्यांतली बरीचशी दुखणी त्या शेवटच्या दिवसानंतरची असतात, ती याचमुळे. त्या शर्यतीत मागे पडल्या होत्या, मोडल्या नव्हत्या.

म्हणून अशी गाडी उठवताना पाना हाती घेण्याआधी ती कशी निजली हे समजून घ्यावे लागते. सरून गेलेल्या वर्षांत पेट्रोल उडून जाते आणि मागे वार्निशासारखा चिकट थर राहतो. कार्बुरेटरच्या पायलट जेटचे भोक सुईच्या टोकाएवढे, ते सर्वांत आधी बुजते. शर्यतीच्या जुन्या गाड्यांत एरंडेलाचे ऑइल वापरत. गरम इंजिनात ते उत्तम वंगण देई, पण पडून राहिले की डिंकासारखे घट्ट होऊन रिंगा खोबणीत चिकटवून टाकी. त्यामुळे पहिल्याच दिवशी किकवर उभे राहणे हा सर्वांत मोठा गुन्हा. आधी प्लग काढून सिलिंडरमध्ये गंज सोडवणारे तेल घालायचे, चार-आठ दिवस मुरू द्यायचे, आणि मग फ्लायव्हीलच्या नटवर पाना लावून क्रँक हळूहळू मागे-पुढे हलवायचा. डर्ट बाइकच्या फ्लायव्हील मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. पॉइंटवर साचलेला पांढरा थर बारीक पॉलिश पेपरने काढला आणि फटीचे माप लावले की बहुतेक वेळा प्लगला स्पार्क येतो, नाही आला तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. मग क्रँकची ऑइल सील. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच मिश्रण ढकलणारा पंप असतो, आणि वाळून दगड झालेली सील तिथे बाहेरची हवा आत घेते. मिश्रण पातळ होते, इंजिन बेफाम तापते, पिस्टन जाम होतो. इतक्या वर्षांनी सुरू झालेली गाडी पहिल्याच फेरीत संपते ती बहुधा यामुळे. ज्या गाड्यांत ऑइलचा वेगळा पंप आहे, तिथे नळीत हवा अडकलेली असते. ती पूर्ण काढेपर्यंत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालवावे.

यावर एक आक्षेप मनापासून घेण्यासारखा आहे. सोपेपणाचे एवढे कौतुक कशाला, त्या गाड्या सारख्या उघडाव्या लागत म्हणूनच त्या उघडायला सोप्या ठेवल्या होत्या. आजची गाडी वर्षानुवर्षे उघडावीच लागत नाही, मग तीच चांगली नव्हे का? रोज कामावर जाणाऱ्यासाठी आजचीच गाडी चांगली, हे मला पूर्ण मान्य आहे. पण बिघडणे आणि दुरुस्त होणे या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. यंत्र किती काळ न थांबता चालते हे पहिली सांगते. थांबल्यावर ते कुणाच्या हाती जाते हे दुसरी सांगते. सेन्सर आणि कंट्रोल युनिटवर चालणारी आजची गाडी पन्नास वर्षे कोठारात ठेवली, तर तिचे यांत्रिक भाग कदाचित शाबूत निघतील, पण इलेक्ट्रॉनिक पेटी बिघडली तर ती घरी उघडून काही करता येणार नाही. जुन्या गाडीचे दुखणे जिथे असते तिथे डोळा आणि बोट पोहोचते. सुटे भाग आता विकतच आणावे लागतात, मग ‘स्वतः’ कसले, असेही काही जण विचारतात. बँटमचा मालकही रिंगा विकतच आणत होता. घरी दुरुस्त करणे म्हणजे भाग घडवणे, असा अर्थ या व्यवहारात कधीच नव्हता.

धुराचा मुद्दा मात्र टाळता येत नाही. टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टचे दार उघडे असतानाच ताजे मिश्रण आत येते, त्यातले काही न जळता तसेच बाहेर जाते, आणि त्यात ऑइलही असते. नियम कडक झाले आणि ही इंजिने रस्त्यावरून गेली, ते योग्यच झाले. कुणी ती पुन्हा रोजच्या रहदारीत आणा म्हटले तर मी विरोध करीन. वर्षातून काही तास चालणाऱ्या जुन्या यंत्राची गोष्ट वेगळी. आणि जतन म्हणजे जशीच्या तशी ठेवणे, इंजिनाला हात लावला की पुरावा नष्ट होतो, असे मानणाऱ्यांना एवढेच सांगायचे की सील, गॅस्केट आणि पॉइंट या बदलण्यासाठीच बनवलेल्या वस्तू आहेत. पुरावा टाकीवरच्या मूळ रंगात, फ्रेमवरच्या ओरखड्यांत आणि कुणीतरी घरीच केलेल्या वेल्डिंगमध्ये असतो. गाडी सुरू करणाऱ्यापेक्षा तिला नवा रंग आणि क्रोम चढवणारा हा पुरावा जास्त पुसतो.

आपल्याकडे परदेशी डर्ट बाइक फारशा आल्या नाहीत. परवाना आणि आयातबंदीच्या काळात त्या येणे अवघडच होते. पण त्या इंजिनाचे नातेवाईक मात्र आले. एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडच्या एसएचएल एम११ वरून घेतलेली. मुंबईच्या रुस्तम इराणी यांनी फारुख इराणींसह म्हैसूरमध्ये उभारलेल्या आयडियल जावाने १९६१ पासून चेक जावा बनवली, पुढे तिला येझदी हे नाव दिले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद होईपर्यंत टू-स्ट्रोकच काढली. गिअरचाच दांडा आत दाबून उलटा फिरवला की किक होतो, ही तिची खूण अनेक घरांत अजून कुणाला तरी आठवते. महाराष्ट्रातल्या कच्च्या रस्त्यांवर दुधाचे कॅन लटकवून धावलेल्या राजदूतने डर्ट बाइकचेच काम केले.

तुमच्या घराच्या मागच्या बाजूला अशी एखादी गाडी ताडपत्रीखाली असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी तिचा प्लग काढा, भोकात थोडे तेल सोडा आणि आठ दिवस थांबा. मग फ्लायव्हील हाताने फिरते का ते पाहा. फिरले, तर टाकी धुऊन ताजे पेट्रोल ऑइल मिसळून घाला, सील बदलल्याशिवाय पळवू नका, आणि चालवून झाली की टाकी आणि कार्बुरेटर रिकामा करून ठेवा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते, आणि जुन्या गाडीचे रबर त्यासाठी बनलेले नाही.