संगणकाच्या चूकसूचना : सीमाभागाच्या अनुभवातून एक इतिहास



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांची वह्या तपासण्याची रीत आपणांपैकी अनेकांच्या स्मरणात असेल. नुसती फुली मारून त्यांनी वही कधी परत केली नाही. चूक कोठे झाली आणि आता काय करावयाचे, हे ते समासात दोन शब्दांत लिहीत. संगणक चूक दाखवितो तेव्हा तो माणसाशी कसा बोलतो, हा आजचा माझा विषय त्या समासापासून फारसा दूर नाही.

न समजणाऱ्या भाषेत आलेली सूचना बिदर-कलबुर्गीच्या भूमीला नवी नाही. निजामी राजवटीत कारभाराची भाषा प्रथम फारसी होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात तिची जागा उर्दूने घेतली. रयत घरी मराठी, कन्नड वा तेलुगू बोले. कचेरीतून आलेला कागद मात्र जाणकाराकडून वाचून घ्यावा लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थानी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्हा विभागला गेला. अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात आला. कचेरीची भाषा कालांतराने कन्नड झाली. कन्नड वाचणाऱ्यांची अडचण त्यामुळे दूर झाली. ज्या घरांत केवळ मराठीच वाचता येत होती, तेथे कागद वाचून घेण्याची गरज मात्र संपली नाही.

याच काळात दूरदेशी संगणक घडत होता. त्याची आरंभीची भाषा तज्ज्ञांची होती. फ्लॉपी वाचता आली नाही, की काळ्या पडद्यावर ‘अबॉर्ट, रिट्राय, इग्नोर’ असे तीन पर्याय उमटत. काय बिघडले ते उमगणे कठीणच. सन १९८२ मध्ये बेन श्नायडरमन या अमेरिकी अभ्यासकाने संगणकीय सूचनांवर निबंध लिहिला. सूचना नेमकी असावी, तिने धमकावू नये, पुढचा मार्ग दाखवावा, हे त्याचे तात्पर्य.

चित्रे आणि खिडक्या असलेले संगणक आले, तेव्हा या विचाराला वाव मिळाला. ॲपल कंपनीच्या ‘लिसा’ या १९८३ च्या संगणकाची घडण चालू असतानाची एक हकीकत प्रसिद्ध आहे. एका कळीवर ‘डू इट’, म्हणजे ‘हे करा’, असे शब्द होते. चाचणीत बसलेल्या गृहस्थांनी ते ‘डोल्ट’, म्हणजे ‘मूर्ख’, असे वाचले आणि यंत्र आपल्याला मूर्ख का म्हणते, म्हणून ते रागावले. अखेर कळीवर ‘ओके’ आले. पुढे १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये यंत्र बंद पडताना ‘क्षमस्व’ अशा अर्थाचा शब्द उमटे; शेजारी मात्र सुझन केअर यांनी रेखाटलेला बॉम्ब असे! विंडोज ९५ ने तर बिघडलेल्या प्रोग्रॅमने ‘इल्लीगल ऑपरेशन’ केल्याचे जाहीर केले. दोष प्रोग्रॅमचा, ‘बेकायदा’ हा शब्द वाचून घाबरे तो मात्र समोर बसलेला माणूस.

शिष्टाचार सुधारला तरी भाषेचा प्रश्न उरलाच होता. सन १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी व कन्नड या दोन्ही लिप्यांना स्थान मिळाले. तरीही पुढे बरीच वर्षे कागदपत्र देशी लिपीत आणि यंत्राची तक्रार इंग्रजीत, अशी विभागणी चालली. सन २००० नंतर कर्नाटकात ‘भूमी’ योजनेखाली जमिनीचे दप्तर संगणकावर आले. पंधरा रुपयांत तालुक्याच्या ठिकाणी पहाणी मिळू लागली. अर्जदाराला काम दिसावे म्हणून त्याच्याकडे तोंड केलेला दुसरा पडदाही ठेवण्यात आला. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शेतकरी पडद्याचा प्रेक्षक झाला. त्यावर उमटलेल्या प्रत्येक शब्दात तो आपल्या जमिनीचे भवितव्य शोधणार, हे उघड आहे.

म्हणूनच केवळ भाषांतर करून भागत नाही. मराठी प्रोग्रॅममध्ये ‘अवैध प्रविष्टी’ असे शब्द आपण वाचतो. लिहिणाऱ्याला एवढेच सांगावयाचे असते, की तारीख चुकीच्या क्रमाने लिहिली गेली. परंतु वारसाची नोंद करावयास आलेल्या विधवेने ‘अवैध’ हा शब्द वाचला, तर आपला हक्कच नाकारला गेला, अशी तिची समजूत होणार नाही काय? ‘ही तारीख वाचता आली नाही. आधी दिवस, मग महिना, मग वर्ष असे पुन्हा लिहा,’ असे सांगितले तर ती घरी परतणार नाही, तारीख दुरुस्त करील. अर्जी, दस्तऐवज, पहाणी हे शब्द या भागातील मराठीच्या, कन्नडच्या आणि उर्दूच्याही ओळखीचे आहेत. त्यांना ग्राम्य ठरवून कोशातला शब्द बसविणे म्हणजे पुन्हा वाचून देणारा माणूस शोधावयास लावणेच होय.

या शाळेचे किती तरी विद्यार्थी आज पुण्यात, हैदराबादेत, बंगळूरात संगणकाचे काम करतात. त्यांना माझी विनंती एवढीच, की चूकसूचना लिहिताना तालुका कचेरीच्या खिडकीशी उभी असलेली आपलीच आई डोळ्यांसमोर आणावी आणि समासातले ते दोन शब्द आठवावेत.