‘लंग ब्लॉक’ : क्षय, खिडकी आणि घरभाडे

गिरगावातल्या आमच्या चाळीत मधल्या खोलीला खिडकी नव्हती. क्षयरोगाचा इतिहास वाचताना न्यूयॉर्कच्या एका वस्तीपाशी मी थबकलो, त्याचे कारण बहुधा हेच.

मॅनहॅटनच्या आग्नेय भागात चेरी, कॅथरिन, हॅमिल्टन आणि मार्केट या चार रस्त्यांमध्ये ही वस्ती होती. लोक तिला ‘लंग ब्लॉक’, म्हणजे फुप्फुसांची वस्ती, म्हणत. अर्नेस्ट पूल या तेवीस वर्षांच्या लेखकाने तिथे घरोघर हिंडून १९०३ मध्ये एक पुस्तिका लिहिली. वस्ती जेमतेम चार हजारांची. नऊ वर्षांत आरोग्य खात्याकडे नोंदलेले क्षयरुग्ण २६५. न नोंदलेले किती तरी अधिक असावेत, असे पूलचे मत होते.

ही नोंद आली कुठून? कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवल्यावर हा आजार आनुवंशिक नसून संसर्गजन्य आहे, हे स्पष्ट झाले. हर्मन बिग्ज यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये १८९४ पासून रुग्णनोंदणी आणि थुंकीची मोफत तपासणी सुरू झाली. १८९७ मध्ये खासगी डॉक्टरांनाही नोंद सक्तीची झाली. डॉक्टर खवळले. रुग्णाचे नाव फुटले तर त्याची नोकरी जाईल, असे ते म्हणत. ती भीती खोटी नव्हती. पण त्या यादीशिवाय रोग कुठे दबा धरून बसलाय, हे कळलेही नसते.

१९०१ च्या कायद्याने नव्या इमारतींत प्रत्येक खोलीला बाहेरची खिडकी आवश्यक ठरवली. जुन्या इमारतींत मात्र आतल्या भिंतीतच खिडक्या पाडल्या गेल्या. उजेड यायचा तो शेजारच्या खोलीतून, उसना.

अखेर १९३३ मध्ये ‘लंग ब्लॉक’ पाडला गेला आणि १९३४ मध्ये तिथे ‘निकरबॉकर व्हिलेज’ उभे राहिले. हवेशीर घरे झाली. पण भाडे जुन्या रहिवाशांपैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे. ते पुन्हा आसपासच्या जुन्याच घरांत शिरले. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागायला अजून नऊ वर्षे होती.

प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनेही वस्त्या पाडल्या आणि उठवलेल्या गरिबांची दाटी शेजारच्या वस्त्यांत वाढली. दोन्ही शहरांनी हवा मोजली, मजुरी मोजली नाही. खिडकी हे क्षयावरचे खरे औषध होते, यात मला शंका नाही. मात्र त्या खिडकीचे भाडे कोण भरणार, हा प्रश्न आरोग्याचाच होता.